'रस्ट इन पीस' बसवताना: मस्टेनचं काय, फ्रीडमनचं काय, आणि ऐकायची कोणती आवृत्ती?

डाउनस्ट्रोक (धागाकर्ता)

मेगाडेथ या अमेरिकन थ्रॅश मेटल बँडच्या 'रस्ट इन पीस' या अल्बममधली तीन गाणी बसवायची आहेत: 'होली वॉर्स... द पनिशमेंट ड्यू', 'हँगर १८' आणि 'टॉर्नेडो ऑफ सोल्स'. दोन गिटार, बास आणि ड्रम्स अशी चौकडी आहे. सूर स्टँडर्ड ई. एका गिटारला फ्लॉइड रोझ ब्रिज (हँडलने हलवून सूर उतरवता-चढवता येतो असा) आहे, दुसरीला फिक्स. दोन्हीवर ९-४२ (पातळ) तारा.

अडलेलं सगळं एकदम लिहितो.

१. नेटवर या अल्बमचे दोन वेगळे आवाज सापडतात. काही गाण्यांत गायक-गिटारवाला डेव्ह मस्टेनचं गाणंसुद्धा थोडं वेगळं वाटतं. नक्की कोणतं ऐकून बसवायचं?

२. दोघांत वाटणी कशी करावी? मार्टी फ्रीडमन नवा आलेला गिटारवाला, म्हणजे त्याच्या वाट्याला काय होतं?

३. 'टॉर्नेडो'च्या सोलोचे फ्रेट टॅबप्रमाणे (कुठल्या तारेचा कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेलं असतं ते) बरोबर पडतात, तरी ते तसं वाजत नाही. चूक सापडत नाही.

४. 'होली वॉर्स'ची पहिली रिफ (गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा) पूर्ण लयीत काही सेकंद टिकते, मग उजवा हात आखडतो.

५. घरी रेकॉर्ड केलं की दोन्ही गिटार मिळून नुसता चिखल होतो.

"रोज मेट्रोनोम लावा" एवढाच सल्ला नको, तो लावलेला आहे.

---

सहावी_तार

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावरच ठरतात.

फ्रीडमन बँडमध्ये आला फेब्रुवारी १९९० मध्ये आणि अल्बम बाजारात आला २४ सप्टेंबर १९९० ला. म्हणजे तो आला तेव्हा गाणी जवळपास तयार होती. लेखनाचं श्रेय बघा: बहुतेक गाणी एकट्या मस्टेनची, 'लुक्रेशिया', 'टॉर्नेडो ऑफ सोल्स' आणि 'डॉन पेट्रोल' यांत बासवाला डेव्हिड एलेफसन सहलेखक. फ्रीडमनचं नाव एकाही गाण्यावर नाही. तेव्हा रिफ, रचना, लयीचे बदल हे सगळं मस्टेनच्या डोक्यातलं आणि त्याच्या उजव्या हातातलं. नव्या माणसाचं काम सोलोंचं.

याचा पुरावा कानाने तपासता येतो. २००४ च्या आवृत्तीत शेवटी तीन डेमो जोडलेले आहेत: 'रस्ट इन पीस... पोलॅरिस', 'होली वॉर्स' आणि 'टेक नो प्रिझनर्स'. त्यांत सोलो क्रिस पोलंडचे आहेत, म्हणजे पहिल्या दोन अल्बमवरचा जुना गिटारवाला. 'होली वॉर्स'चा डेमो आणि पक्कं गाणं लागोपाठ ऐका. सांगाडा तोच आहे, पण सोलो आला की माणूस बदललेला लगेच कळतो. पोलंड जॅझ-फ्यूजनच्या अंगाने सरकत जातो, फ्रीडमन सुराला खालून येऊन भिडतो.

म्हणून वाटणी अशी करा. रिफ दोघांनीही मस्टेनच्या पद्धतीने, एकाच बोटांनी आणि एकाच पिकिंगने बसवायच्या. "तू मस्टेन, मी फ्रीडमन" अशी वाटणी फक्त सोलोंपुरती.

'होली वॉर्स'मध्ये मधला शांत, पूर्वेकडचा रंग असलेला तुकडा फ्रीडमनचा. 'पनिशमेंट ड्यू'च्या संथ भागातला सोलो त्याचाच. शेवटी लय पुन्हा उसळते तिथला सोलो मस्टेनचा. तो मुद्दाम खरबरीत आणि घाईतला आहे, गुळगुळीत करायला जाऊ नका. 'टॉर्नेडो'चा मोठा सोलो फ्रीडमनचा. 'हँगर १८'च्या उत्तरार्धात दोघे आलटून पालटून येतात, सुरुवात फ्रीडमनची. तिथे सोलो किती, यावर वाद घालणारे भेटतील, पण अकरा हा आकडा सर्रास सांगितला जातो.

अवांतर: 'हँगर १८'च्या सुरुवातीचे कॉर्ड ओळखीचे वाटले तर कान बरोबर आहेत. मेटॅलिकाच्या १९८४ च्या 'द कॉल ऑफ क्टुलू'शी ते फार जवळचे आहेत आणि त्या गाण्याच्या लेखकांत मस्टेनचं नाव आहे. स्वतःचाच माल दुसऱ्यांदा वापरला, एवढंच.

---

फेडर_खाली

आवृत्तीचा गोंधळ सरळ आहे.

मूळ १९९० चा अल्बम: कॅपिटॉल, निर्मिती माइक क्लिंक आणि मस्टेन, मिक्स मॅक्स नॉर्मनचं. नऊ गाणी, एकूण चाळीस मिनिटांच्या आसपास.

२००४ चा: मस्टेनने मूळ टेपवरून नव्याने केलेला मिक्स. हा नुसता रीमास्टर नाही, इथेच लोक घसरतात. रीमास्टरमध्ये तयार मिक्सचाच आवाज वर-खाली करतात. इथे प्रत्येक वाद्याची पातळी, जागा, ड्रम्सचा पोत असं सगळं पुन्हा मांडलेलं आहे. काही ठिकाणी मूळ गायनाच्या टेप हाताशी नव्हत्या, म्हणून पर्यायी किंवा नवं गायन बसवलं. 'टेक नो प्रिझनर्स' आणि 'फाइव्ह मॅजिक्स'मध्ये ते चटकन जाणवतं. तुम्हाला गाणं वेगळं वाटलं ते यामुळे.

ओळखायचं कसं: यादीत १३ गाणी आणि दहावं 'माय क्रिएशन' असेल तर तो २००४ चा मिक्स. नऊच असतील तर बहुधा मूळ, पण स्ट्रीमिंगवर फक्त संख्येवर विसंबू नका. आवाजाची पातळी बघा. मूळ सीडी बाकी आधुनिक गाण्यांच्या शेजारी लावली की ठळकपणे कमी आवाजात वाजते, २००४ चा मिक्स अंगावर येतो. जुनी सीडी विकत घेताना पाठीवर ९१९३५ हा क्रमांक असलेली अमेरिकन कॅपिटॉलची प्रत शोधा.

बसवण्यासाठी दोन्ही लागतात. रिफचे बारकावे, म्हणजे कुठे म्यूट आहे आणि कुठे तार उघडी सोडली आहे, ते २००४ मध्ये जास्त स्वच्छ कळतं, कारण गिटार पुढे आहेत. लय, ड्रम्सचा झोत आणि सोलो मिक्समध्ये किती वर बसवायचा हे मात्र १९९० वरून घ्या. माझं मत विचाराल तर ऐकायला मूळच बरा. २००४ मध्ये सगळं एकाच उंचीवर येतं आणि 'हँगर १८'मध्ये सोलो एकमेकांना ढकलत वर चढतात ती चढण सपाट होते.

दोन गिटार वेगळ्या ऐकण्याची युक्ती. हल्लीची वाद्य वेगळी करणारी सॉफ्टवेअरं गायन, ड्रम्स आणि बास नीट सोडवतात, पण दोन गिटार एकमेकींपासून सोडवायला गेली की गोंधळतात. त्यापेक्षा जुना उपाय करा:

गाणं एडिटरमध्ये उघडून स्टिरिओचे दोन मोनो ट्रॅक करा. एकाची पोलॅरिटी उलटी करा. दोन्ही मधोमध आणून एकत्र वाजवा. दोन्ही चॅनलमध्ये सारखं असलेलं सगळं, म्हणजे गायन, बास, किक, स्नेअर आणि मधोमध ठेवलेला सोलो, एकमेकांना रद्द करतं. उरतात बाजूच्या गिटार. सोलोचा रिव्हर्ब स्टिरिओ असल्याने त्याचं भूत मागे राहतं, तेवढं चालवून घ्या. एमपी३ वर हे करू नका. कॉम्प्रेशनमध्ये दोन चॅनल किंचित वेगळे होतात आणि रद्द होण्याऐवजी किलबिलाट ऐकू येतो. सीडी किंवा फ्लॅक घ्या. दोन्ही आवृत्त्यांवर करून बघा, वाद्यांच्या जागा वेगळ्या असल्याने एकीत लपलेलं दुसरीत सापडतं.

आणि फक्त डावा, मग फक्त उजवा चॅनल ऐकायला विसरू नका. अर्धं काम तिथेच होतं.

---

मींडखंड

'टॉर्नेडो'च्या सोलोबद्दल. टॅबमध्ये फ्रेट असतो, पण बेंड (तारेची ओढ) किती, कुठून सुरू आणि कुठे थांबला हे धड नसतं. तुमची चूक तिथे आहे.

फ्रीडमन १९९० च्या आधी जेसन बेकरबरोबर कॅकोफनीत होता, आणि १९८८ चा त्याचा एकट्याचा 'ड्रॅगन्स किस' आहे. दोन्हीकडे दिसतं की तो स्केल वर-खाली पळवत नाही. प्रत्येक कॉर्डवर कुठला सूर गाठायचा हे आधी ठरवतो आणि त्या सुरावर सरळ बोट न ठेवता खालच्या सुरावरून तार खेचून पोचतो. सतारीवर मींड घेतात तसंच: सूर पडद्यावर नसतो, खेचीत असतो. बोट बरोबर फ्रेटवर पडूनही ओढ पाव सूर कमी राहिली तर अख्खं वाक्य बेसूर वाटतं, आणि टॅब बघणाऱ्याला कळतच नाही की काय चुकलं.

सरावासाठी खाली बी मायनरचा कॉर्ड धरून ठेवा. लूप पेडल किंवा दुसरा गिटारवाला चालेल. कॉर्डचे सूर बी, डी आणि एफ शार्प. आता तिन्ही सूर ओढून गाठायचे:

तिसरी तार, १४ वा फ्रेट म्हणजे ए. पूर्ण सूर ओढा, बी येतो.
दुसरी तार, १४ वा फ्रेट म्हणजे सी शार्प. अर्धा सूर ओढा, डी येतो.
दुसरी तार, १७ वा फ्रेट म्हणजे ई. पूर्ण सूर ओढा, एफ शार्प येतो.

प्रत्येकाची पद्धत तीच. आधी गाठायचा सूर सरळ फ्रेटवर वाजवून कानात बसवा: तिसऱ्या तारेचा १६ वा, दुसऱ्या तारेचे १५ वा आणि १९ वा. मग ओढून तोच सूर आणा. ट्यूनर समोर ठेवा आणि काटा मधोमध येऊन थांबतो का ते बघा. नुसता मध्यातून जात असेल तर उपयोग नाही. व्हायब्रेटो सूर पक्का बसल्यावरच सुरू करा. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच: सूर पोचायच्या आधीच हात हलवायला लागतात, मग कमी पडलेली ओढ व्हायब्रेटोखाली झाकली जाते.

अर्ध्या सुराची ओढ पूर्ण सुरापेक्षा अवघड. पूर्ण सुराला हाताला अंदाज असतो, अर्ध्याला हात पुढे निघून जातो. ९ च्या तारांवर तर फारच. १०-४६ लावा. थोडं जड जाईल, पण ओढ ताब्यात राहील.

ओढताना अनामिकेने तार धरा, मागे मधलं आणि पहिलं बोट टेकवा, अंगठा मानेवरून वर काढा. जोर मनगट वळवून येतो, बोटं वाकवून येत नाही.

फ्रीडमनचे व्हिडिओ बघितले असतील तर त्याचा उजवा हात विचित्र दिसतो: मनगट बाहेर वळलेलं, तळवा तारांपासून उचललेला. त्याने ब्रिजवर तळवा टेकत नाही, सोलोतला प्रत्येक सूर मोकळा फुटतो, आणि अपस्ट्रोकला वेगळी चावरी धार येते. त्याची नक्कल करायची गरज नाही, मनगट दुखावेल. पण त्यातून एक गोष्ट घ्या: सोलोत तळव्याने म्यूट करायची सवय सोडा. बाकीच्या तारा गप्प ठेवायचं काम डाव्या हाताच्या तर्जनीला द्या, ती वाजणाऱ्या तारेच्या शेजारच्या तारांना आडवी हलकी टेकलेली राहू द्या. आणि एखादं लांब बेंड मुद्दाम अपस्ट्रोकने सुरू करून बघा, फरक लगेच ऐकू येतो.

सोलो तिसरं मिनिट ओलांडल्यावर सुरू होतो आणि जवळपास एक मिनिट चालतो. सलग पाठ करू नका. वाक्य जिथे श्वास घेतं तिथे तोडा. प्रत्येक तुकड्याचा फक्त शेवटचा सूर आणि त्याखालचा कॉर्ड एवढंच आधी लिहून काढा. ते शेवटचे सूर क्रमाने वाजवले तरी गाण्याची चाल ऐकू येते. मग मधलं भरा. वेगवान तुकडे सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

अवांतर, पण इथल्या मंडळींना आवडेल: फ्रीडमनच्या नावाला हिराजोशी नावाचं जपानी पाच सुरांचं स्केल चिकटलेलं आहे. ए, बी, सी, ई, एफ. हेच सूर ई ला षड्ज मानून वाजवा: ई, एफ, ए, बी, सी. म्हणजे सा, कोमल रे, शुद्ध म, प, कोमल ध. गुणकली झाला. सूर तेच, चलन अर्थातच वेगळं. ज्यांच्या कानात गुणकली आहे त्यांना फ्रीडमनचं 'विदेशी' वळण फार परकं वाटत नाही.

---

खर्जातला

+१ मींडखंड. फक्त एक हरकत: सहावी_तार यांच्या प्रतिसादावरून असं वाटतं की नव्या माणसाने येऊन चार सोलो चिकटवले आणि झालं. रचना एकाची असली तरी त्या रचनेला कसा सोलो पेलेल हे ऐकून माणूस निवडला जातो. आधीच्या अल्बमवर, १९८८ च्या 'सो फार, सो गुड... सो व्हॉट!'वर, जेफ यंग होता. तोही तयारीचा गिटारवाला, पण तिथे सोलो गाण्यात येऊन जातात. इथे 'टॉर्नेडो' सोलोवाचून उभं राहत नाही.

---

सहावी_तार

खर्जातला, मान्य. मला म्हणायचं होतं ते बसवणाऱ्यांपुरतं. फ्रीडमनच्या हाताने रिफ वाजवायला गेलात तर गाणं सैल पडतं आणि मस्टेनच्या हाताने 'टॉर्नेडो'चा सोलो वाजवलात तर तो कोरडा होतो. दोन वेगळे हात लागतात.

अवांतराला अवांतर: फ्रीडमनच्या आधी पँटेराच्या डायमबॅग डॅरेललाही विचारणा झाली होती. भाऊ व्हिनी पॉल ड्रम्सवर येणार असेल तरच येतो, असं त्याचं म्हणणं होतं. ड्रमर निक मेंझा आधीच घेतलेला असल्याने ते जमलं नाही.

---

पिकची_धार

चौथा मुद्दा, हात आखडण्याचा. कारणं तीन असतात आणि बहुधा तिन्ही एकत्र असतात.

पिक जास्त बाहेर आहे. तारेच्या खाली दोन-तीन मिलिमीटर टोक जात असेल तर प्रत्येक स्ट्रोकला तार पिकला अडवते आणि हात जोर लावतो. टोक जेमतेम एक मिलिमीटर खाली जावं. पिक तारेला समांतर न धरता थोडं तिरकं धरा, म्हणजे कापत जाईल. पातळ पिक वाकतं आणि परत यायला उशीर करतं, १ मिमी किंवा थोडं जाड घ्या.

हालचाल कोपरातून होते आहे. कोपरातून हात थरथरवून वेग येतो, पण तो काही सेकंदांचा असतो. तुमचं वर्णन नेमकं तेच आहे. मनगटातून करा. तपासणी सोपी: डाव्या हाताने उजवी दंडाची पेशी धरा आणि मोकळ्या सहाव्या तारेवर सोळांशी मात्रा वाजवा. दंड कडक होत असेल तर लय तुमच्या पुढे गेलेली आहे.

तळवा फार दाबलेला आहे. पाम म्यूट (तळव्याने तार दाबून आवाज बुजवणं) घट्ट दाबलं की तार वरच्या सुराला जाते आणि हातही अडकतो. तळव्याची कड ब्रिजच्या सॅडलवर अर्धी आत, अर्धी बाहेर. सूर 'टक' असा मेला पाहिजे असं नाही, त्यात थोडं पोट राहू द्या.

सराव: मूळ लयीच्या ६० टक्क्यांवर रिफ चार वेळा सलग, हात सैल ठेवून. मग लय पूर्ण ठेवा, पण फक्त एक मात्रा वाजवा आणि तीन मात्रा थांबा. जमलं की दोन वाजवा, दोन थांबा. मग तीन-एक. मग सलग. मेट्रोनोम पाच-पाच बीपीएमने वर चढवत नेणाऱ्यांचा हात हळू लयीची मोठी हालचालच वेगवान लयीत घेऊन जातो आणि एका आकड्यावर अडकून बसतो. थांबून-थांबून पूर्ण लयीत वाजवलं की हालचाल आपोआप लहान होते.

या लयीत सगळं डाउनस्ट्रोकने (पिक फक्त वरून खाली) वाजवायचा हट्ट धरू नका, नाव तुमचं काहीही असो. वेगवान धावा आलटून पालटून, आणि ठोस कॉर्ड डाउनस्ट्रोकने.

डाव्या हाताचं एक: मस्टेनची 'स्पायडर कॉर्ड' म्हणून ओळखली जाणारी बोटं शिकून घ्या. 'वेक अप डेड'मध्ये ती उघड दिसते. जी पाचवा कॉर्ड (पॉवर कॉर्ड): सहाव्या तारेचा ३ रा फ्रेट तर्जनीने, पाचव्या तारेचा ५ वा अनामिकेने. लगेच सी शार्प पाचवा: पाचव्या तारेचा ४ था मधल्या बोटाने, चौथ्या तारेचा ६ वा करंगळीने. चार बोटं चार सलग फ्रेटवर, हात जागचा हलत नाही. नेहमीसारखं तर्जनी-अनामिकेने उडी मारत गेलात तर मध्ये 'स्स' असा घसरण्याचा आवाज येतो आणि वेगात कॉर्ड उशिरा पडतो. सुरुवातीला करंगळी पडताना अनामिका उचलत नाही, ही अडचण सगळ्यांना येते. आधी फक्त ती दोन बोटं आलटून पालटून टेकवा, पिक न मारता.

---

डाउनस्ट्रोक

भारी, सगळ्यांचे आभार. दंड धरून बघितला, कडक होतो. पिकही बरंच बाहेर असतं.

दोन उपप्रश्न. रेकॉर्डिंगचं कोणी सांगेल का? आणि १० च्या तारा फ्लॉइडवर चढवल्या तर ब्रिज उचलला जाईल ना? शिवाय त्या गिटारवर बेंड करताना दुसऱ्या तारा उतरतात.

---

फेडर_खाली

रेकॉर्डिंग. चिखलाचं पहिलं कारण गेन, म्हणजे अँपवरची डिस्टॉर्शनची पातळी. खोलीत एकटं वाजवताना जेवढा गेन गोड लागतो तेवढा दोन गिटार एकत्र आल्यावर जास्त होतो. ऐकायला कमी वाटेल इतका खाली आणा: दहापैकी पाच-सहा. बास चारवर, मिड सहा-सातवर. मिड उडवून ठेवायची सवय या अल्बमला चालत नाही, रिफमधले सूरच हरवतात.

दुसरं, एकच टेक कॉपी करून दुसऱ्या बाजूला थोडा उशिराने ठेवू नका. दोन सारख्या लहरी किंचित सरकल्या की काही फ्रिक्वेन्सी कापल्या जातात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. दोन वेगळे टेक वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. थ्रॅशमध्ये दोन्ही बाजू एकाच माणसाने वाजवण्याची रूढ पद्धत आहे, कारण दोन माणसांचे पिकचे ठोके इतके अचूक जुळत नाहीत. अभिमान बाजूला ठेवून दोघांपैकी जो जास्त घट्ट वाजवतो त्याच्याकडून दोन्ही बाजू करून घ्या, दुसऱ्याला सोलो. एका बाजूला दोन-दोन असे चार टेक करू नका. या वेगाला ते धूसर होतं.

गिटारवर हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान लावा. त्याखालचं काम एलेफसनचं, म्हणजे बासचं आहे. लो-पास (वरचे सूर कापणारा) ८ ते १० किलोहर्ट्झ. नॉइज गेट सोलोच्या ट्रॅकवर नको, बेंडच्या शेवटी सूर कापला जातो.

वाजवताना उशीर जाणवत असेल तर बफर १२८ सँपलवर आणा. ४८ किलोहर्ट्झला तो २.७ मिलिसेकंद होतो. येण्या-जाण्याचा एकूण उशीर याहून जास्त असतो, तरी वाजवण्याजोगा. बफर ५१२ वर ठेवून 'होली वॉर्स' वाजवायला गेलात तर मेट्रोनोम तुम्हाला खोटं पाडणारच.

स्टेजवर 'हँगर १८'साठी एक सूचना. सोलो झटपट हात बदलतात, म्हणून बूस्ट पेडल अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये ठेवा, ३-४ डेसिबलवर. अँपच्या आधी ठेवलं तर गेन वाढतो, आवाज वाढत नाही, आणि सोलो रिफखाली गाडला जातो. पेडल आपल्या पाळीच्या एक मात्रा आधी दाबायचं आणि सोलो संपताच बंद करायचं. दोघांचंही बूस्ट एकदम चालू राहिलं की गायक नसलेल्या त्या भागातसुद्धा काही ऐकू येत नाही.

---

मींडखंड

फ्लॉइडचं. हो, १० च्या तारांनी ओढ वाढेल आणि ब्रिज पुढे झुकेल. बेंड करताना दुसऱ्या तारा उतरतात त्याचं कारणही तेच: एक तार ओढली की ब्रिज पुढे कलतो आणि बाकीच्या सैल पडतात. दोन्हीला एकच उपाय, कारण या तीन गाण्यांना ब्रिज वर खेचायची गरज नाही.

मागचं झाकण काढा. स्प्रिंग लावलेला धातूचा ठोकळा दिसेल. ब्रिज लाकडाला समांतर असताना तो ठोकळा आणि मानेकडची, म्हणजे स्प्रिंगांच्या बाजूची, भिंत यांतलं अंतर मोजा. तेवढ्या जाडीचा कठीण लाकडाचा तुकडा तिथे बसवा. किंचित जाड कापून पॉलिश पेपरने घासत आणा, सैल राहिला तर खडखडतो. मग तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. सुरात आणा. क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सारखे घट्ट करत जा, ब्रिज लाकडावर रेलून बसेपर्यंत, आणि त्यावर आणखी एक फेरा. आता तिसरी तार पूर्ण सूर ओढून सहावी वाजवा. सहावी उतरत नसेल तर झालं. उतरत असेल तर अजून अर्धा फेरा. फार घट्ट केलंत तर डाइव्ह मारताना (हँडल दाबून सूर उतरवताना) हँडल जड जाईल, तेवढाच तोटा.

तुकडा उलट्या बाजूला, म्हणजे पट्ट्याच्या बटणाकडे, बसवला तर डाइव्हच बंद होतो. तिथे गल्लत करू नका.

नटचे लॉक लावण्याआधी तारा हाताने ताणून तीन-चार वेळा सुरात आणा. नंतर बारीक फेरफार ब्रिजवरच्या फाइन ट्यूनरने, ते आधी मध्यावर आणून ठेवलेले असावेत. जाड तारांनी मान थोडी पुढे वाकेल. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघा, पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षा जास्त दिसली तर ट्रस रॉड (मानेतली सळई) पाव फेरा घट्ट. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लाकूड दमट होऊन ही फट पुन्हा बदलते, तेव्हा जुलैत केलेलं सेटिंग डिसेंबरात परत तपासा. शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळतात का बघून इंटोनेशन. दाबलेला सूर वर जात असेल तर सॅडल मागे, खाली असेल तर पुढे. फ्लॉइडवर त्यासाठी आधी ती तार सैल करावी लागते, ताणलेल्या तारेवर सॅडलचा स्क्रू सोडलात तर सॅडल उडी मारतं.

---

डाउनस्ट्रोक

लाकडाचा तुकडा साग चालेल का, की आणखी कठीण लागेल?

---

मींडखंड

साग चालेल. प्लायवूड नको, थर दबतात.